पऱ्हाटीचं झाड

पहाटे ५.३०

डिंक फुगला का ते बघायला उठले. काल रात्री स्टीलच्या डब्यात बाभळीच्या डिंकाचे खडे भिजत घातले होते, वाटीभर डिंकाला वाटीपेक्षा थोडं जास्त पाणी. आता तो मधासारखा झालाय. तळाशी सालीचे दोन-चार तुकडे, वर एक मुंगी. फडक्यातून गाळून घेतला आणि थेंब चिमटीत धरून बोटं हळूच उघडली. तार आली. तार आली की आज चिकटणार. फेव्हिकॉलची बाटली कपाटात आहेच, पण माझ्या गटात तीन वर्षांची पोरं आहेत आणि तीन वर्षांचं पोर बोटाला लागलेलं काहीही चाटून बघतं. डिंकाचं काय, हिवाळ्यात त्याचे लाडूच होतात.

दुसऱ्या शेगडीवर कणकेची खळ. आई आकाशकंदिलासाठी खळ शिजवायची तेव्हा किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. मी टाकत नाही. कारण तेच, बोटं चाटणारी पोरं.

आज नाताळाआधीचा शनिवार. आठवडाभर मी बालवाडी घेते आणि रविवारी आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेतला लहान गट. तीन ते सात वर्षं, पटावर एकोणीस. नाताळाचं झाड सजवायचं काम दरवर्षी या गटाकडे असतं, म्हणजे खरं तर माझ्याकडे. गेल्या वर्षी मी काय केलं ते सांगून टाकते. मोबाइलवर चित्रं बघितली आणि पाइनच्या शंकूंचं एक पाकीट मागवलं. एका पोरीनं शंकू उलटसुलट करून विचारलं, "ताई, हे अननस जळलं काऊन?" मग बर्फ हवा म्हणून औषधाच्या दुकानातून कापसाचा रोल आणला. यवतमाळ जिल्ह्यात, डिसेंबर महिन्यात, मी पैसे मोजून कापूस विकत आणला! आई काही बोलली नाही, नुसती हसली. ते जास्त लागलं.

६.४५

गोधणी रोडनं स्कूटीवर. थंडी अशी की स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून घेऊन ब्रेक धरावा लागतोय. रस्त्याच्या कडेला शेकोट्या, आणि पाठीला धोपट बांधून वेचणीला निघालेल्या बाया.

ओळखीच्या काकांच्या शेतात पऱ्हाटी उपटणं चाललंय. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर कपाशी शेतात उभी ठेवू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. काका यंदा ऐकताहेत, कारण विहिरीला पाणी आहे आणि मागून उशिराचा गहू घ्यायचाय. धुऱ्यावर ढीग लागलेला. छातीएवढी, चहूबाजूंनी सारख्या फांद्या असलेली एक पऱ्हाटी शोधायला मला अर्धा तास लागला. काकांना वाटलं, जळणाला नेतेय. येशूच्या झाडासाठी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी माझी निवड बाजूला टाकली आणि ढिगामागून दुसरी ओढून काढली.

"हे न्या. याले सात-आठ बोंडं उमलेली हायेत, वेचाचीच रायली."

खरंच होती. टरफलाच्या चार-पाच पाकळ्या मागे वळलेल्या आणि त्यांच्यात पांढरा कापूस सुटा होऊन लोंबतोय.

"पण पोराईच्या तोंडात जाऊ देऊ नका," काका म्हणाले. "फवारा मारला होता."

आमच्याकडे हे वाक्य कोणी हसण्यावारी नेत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. झाडावरचं आहे म्हणजे निर्धोक, हे शहरातल्या हस्तकलेच्या वर्गात ठीक. इथं धुवावं लागतं. पोरांना हातात देण्यासाठी बोंडांची रिकामी टरफलं मी पंधरा दिवसांपूर्वीच गोळा केली होती. साबणाच्या पाण्यात रात्रभर, मग तीनदा स्वच्छ पाण्यात, मग आठ दिवस गच्चीवर.

स्कूटीवर पऱ्हाटी आडवी बांधून गावात शिरले तेव्हा दोन जणांनी विचारलं, जळणाची टंचाई झाली का.

७.५०

चर्चच्या मागचं आवार झाडून घेतलं. उमललेल्या बोंडांवर प्लास्टिकच्या पिशव्या रबरबँडनं आवळल्या आणि पऱ्हाटी नळाखाली धरून खोडापासून शेंड्यापर्यंत चोळून धुतली. कडुनिंबाखाली उन्हाची तिरीप आहे, तिथं उभी केली.

या गावात नाताळाच्या झाडाची अडचण जुनीच आहे. नाताळ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांनी आणला, पण यवतमाळात सण आला तो अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशनऱ्यांबरोबर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पुढे १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी इथं होती, मग ती पुण्याला गेली. माणसं आली, गीतं आली, झाड काही आलं नाही. आमच्या उन्हात देवदार कुठला? माझ्या लहानपणी खोट्या अशोकाची फांदी बादलीत उभी करायचे. एका वर्षी कुंडीतला सरू आणला, तो जानेवारीत वाळला. नंतर दुकानातलं प्लास्टिकचं आलं. ते अजून माळ्यावर आहे, एक पाय मोडून.

९.०५

"सलाम, ताई."

"सलाम. चपला तिकडे. शेंबूड पुसून या."

एकोणिसातली सोळा आली. एक जण आजोबांचं बोट सोडायला तयार नाही, तेव्हा आबाजीही बसले. शेजारच्या काकू त्यांच्या नातीला घेऊन आल्यात. त्या मंडळीच्या नाहीत, पण नातीला बालवाडीतली मैत्रीण इथं आहे हे कळलं, मग काय. मदतीला दहावीतला एक पोरगा आहे. मोठ्या गटाच्या गीतांच्या तालमीतून सुटायला त्याला हे बरं सापडलंय. आत पेटी-तबला सुरू झाला. उपासना-संगीतातली रेव्हरंड टिळकांची पदं लागली की आमचे तबलजी लय आपोआप वाढवतात.

प्रार्थना केली, छोटीशी. मग प्रत्येकाच्या हातात एक कापडी पिशवी.

९.२०

आवाराच्या मागून जी पांदण निघते तिनं चाललोय. नियम एकच, तो सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतला: पडलेलं आपलं, झाडावरचं झाडाचं.

मग न उचलायच्या वस्तू. हे मी आठवडाभर आधी चित्रं दाखवून घोकून घेतलं होतं. गुंज दिसायला सगळ्यात देखणी, लाल अंगावर काळा डोळा, म्हणूनच सगळ्यात वाईट. एक दाणा चावला तरी जीवावर बेतू शकतं. बिब्बा, अंगाला लागला की फोड. धोतऱ्याचं काटेरी बोंड. एरंडीच्या बिया. यातलं काही दिसलं तर हात मागे बांधायचे आणि ओरडायचं. पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा ओरडणं झालं, त्यातलं एक खरंच गुंजेसाठी होतं. कुंपणावर वेल वाळलेला, शेंगा उकललेल्या, आत लाल मणी. सगळीच्या सगळी पोरं हात मागे बांधून त्या वेलाकडे अशी बघत उभी राहिली की जणू दुकानाच्या काचेमागचे पेढे.

सागाच्या बियांनी पिशव्या लवकर भरल्या. साग म्हणजे आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्याला. फळाभोवती कागदी फुग्यासारखं वेष्टण असतं, पिवळट तपकिरी. दाबलं की कुरकुर वाजतं. आकाशकंदिलाची पिल्लं, असं एकीनं नाव ठेवलं. मला जे शब्द जमत नाहीत ते यांना फुकट सुचतात. शिरीषाच्या वाळक्या शेंगा मिळाल्या, आत बिया खुळखुळणाऱ्या. गुलमोहराच्या हातभर लांब शेंगा मिळाल्या. त्यांच्या तलवारी झाल्या आणि मला युद्धविराम करावा लागला. सुबाभळीच्या चपट्या शेंगा, दोन बेहडे, एका पक्ष्याचं पीस. एकानं बकरीच्या लेंड्या आणल्या, "गोल हायेत न ताई!" गोल होत्या, हे मान्य केलं.

१०.१०

व्हायचं ते झालं.

"ताई, हे पाह्यजा, मखमलीचं!"

सहा वर्षांचा पोरगा. हातात शेंग, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, अंगावर सोनेरी दाट लव. उन्हात अशी चमकत होती की झाडाला टांगायला याहून सुंदर काही नाही. मी ओरडेपर्यंत त्यानं ती गालाला लावून बघितली होती.

खाजकुयली. माझ्या न उचलायच्या यादीत ती नव्हती. विषाचा विचार केला, खाजेचा केलाच नाही.

आधी गाल लाल, मग मान, मग किंचाळी. त्याला बघून आणखी दोघांनी आपली आपली खाज शोधून काढली, त्यातली एकाची खरी होती. पाण्यानं धुवावं म्हणून मी बाटली उघडली तर आबाजींनी हात धरला. "चोयू नका, पाणी बी नोको अजून. लव आत शिरते." त्यांनी पोराचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मला म्हणाले, शेण आणा. शेण पांदणीत कमी नव्हतं, पण माझं धाडस होईना. दहावीतल्या पोरानं खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं, गीतांचे कागद भिंतीला लावायला घेतलेलं. पट्टी गालावर टेकवायची, उचलायची, टाकून द्यायची. वीसेक तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर बारीक सोनेरी केस, उजेडात धरल्यावर दिसणारे. मग शर्ट काढला, मग साबण आणि भरपूर पाणी. अर्ध्या तासात रडं थांबलं. आबाजींचं मत शेवटपर्यंत कायम होतं की शेणानं पाच मिनिटांत झालं असतं.

त्याच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, "त्याच्या बापानं पण लहानपणी असंच केलतं." मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. ती शेंग काठीनं उचलून खड्ड्यात पुरली.

११.००

सावलीत सतरंज्या. आता खरं काम.

खरिपाची ज्वारी निघून महिना होत आला, कडबा ताजा आहे. पेऱ्यापेऱ्यावर कापलेले धांडे मी काल सोलून ठेवलेत. धांड्यात दोन वस्तू असतात. बाहेरची साल, गुळगुळीत, कडक, उभी चिरली की सुईसारखी पट्टी निघते. आत गाभा, पांढरा, हलका, थर्माकोलसारखा, पण दाबला की ओलसर मऊ. गाभा म्हणजे लाकूड आणि साल म्हणजे खिळे. हातोडी लागत नाही, डिंकही लागत नाही. सालीची कड मात्र ब्लेडसारखी. चीर पडते आणि ती पोराला कळते उशिरा, बोट लाल झाल्यावर. म्हणून प्रत्येक पट्टी मी आधी फरशीवर घासून तिची धार मोडते. चार-पाचशे पट्ट्या घासल्या असतील काल. टीव्हीवर काय चाललं होतं ते सांगता येणार नाही.

तारा असा. अंगठ्याच्या पेराएवढा गाभ्याचा तुकडा मध्ये. त्यात एक पट्टी टोचायची. टोचताना "कच्" असा बारीक आवाज येतो. तो आला की पोरांचे डोळे मोठे होतात आणि आणखी टोचायची घाई होते. मग समोरासमोर दुसरी. मग आडवी. मग मधल्या जागा. प्रत्येक पट्टीच्या टोकाला गाभ्याचा मणी. आठ काड्या, आठ मणी, झाला तारा. तीन वर्षांच्या मुलीला आठ जमत नाहीत. तिनं एकाच बाजूला सहा टोचल्या आणि म्हणाली, साळिंदर. ठीक आहे, साळिंदरही टांगू.

जर्मनीत गवताच्या काड्यांचे असेच तारे करतात. काड्या भिजवायच्या, उभ्या चिरायच्या, इस्तरीनं सपाट करायच्या, दोऱ्यानं बांधायच्या. सुंदर दिसतात, मी चित्रं पाहिली आहेत. पण बांधायचा दोरा तीन वर्षांच्या पोराला जन्मात जमणार नाही. धांड्याला नुसतं टोचता आलं की पुरे.

आबाजी इतका वेळ गप्प होते. एकदम म्हणाले, "चाकू द्या हो इकडं." दोन मिनिटांत त्यांच्या हातात चष्मा होता: सालीच्या दोन पट्ट्या गोल वाकवलेल्या, मध्ये गाभ्याचा ठोकळा, बाजूला दोन दांड्या. नातवाच्या नाकावर ठेवला. पुढच्या पाच मिनिटांत बैलगाडी. जू, साटी, गाभ्याच्या चकत्यांची चाकं, फिरणारी. पुढे दोन बैल, सालीची शिंगं.

संपलं. ताऱ्यांचं कारखान्यातलं उत्पादन तिथंच थांबलं.

"मले बैल पायजे."

"मले बी!"

मी दोनदा सांगितलं की नाताळाला तारा असतो. एका पाच वर्षांच्या बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मंग गव्हाणी कोनाची होती?" खरंय, गव्हाणी बैलांचीच होती. तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल सजवणारी ही पोरं, यांना बैल सजवायचं शिकवायला नको. झूल म्हणून सुबाभळीची शेंग, गळ्यात सागाच्या बियांची माळ. मेंढ्या एकानंही केल्या नाहीत. बेथलेहेमच्या मेंढपाळांना यंदा यवतमाळात काम नाही.

१२.१५

काकूंना नुसतं बसवत नव्हतं. त्यांनी घरून कापूस आणला, मागच्या वर्षीचा, गादीत भरायला ठेवलेला. पोरांना सरकी काढायला लावली आणि स्वतः राखेचं बोट घेऊन वस्त्रमाळ करायला बसल्या. चिमूट कापूस ओढायचा, अंगठ्यानं दाबून चकती करायची, पुढे पीळ द्यायचा, पुन्हा चकती. पूजेला देवाला घालतात तीच, गेजवस्त्राची. हातभर झाली, दोन हात झाली. झाडाला गुंडाळायला याहून चांगलं काय असणार? बाजारात मिळणाऱ्या चमकीच्या दोरीकडे मी त्या क्षणी कायमची पाठ फिरवली.

काकूंनी विचारलं, "कुंकवाचं बोट लावू का मधून मधून?"

मी जरा थांबले. आमच्या मंडळीतल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. म्हटलं, "आज पांढरीच राहू द्या, काकू." त्यांनी मान हलवली, समजल्या.

पुढचा कार्यक्रम रंगांचा होता. दुकानातला रंग नाही. गेरू, हळद आणि चुन्याची निवळी. चुना मी घरी कालवून, निवळू देऊन, वरचं पाणी तेवढं आणलं होतं, आणि ती वाटी माझ्याच हातात. हळदीचं पाणी पोरांनी बोटांनी सागाच्या बियांवर लावलं, टरफलांवर लावलं, एकमेकांवर लावलं, आणि माझी पाठ वळली तेवढ्यात काकूंच्या माळेवरही लावलं. पिवळे ठिपके. मी काडीला कापूस गुंडाळून निवळीचा एकेक थेंब त्यांच्यावर सोडला. पिवळ्याचं लाल झालं. सगळ्या पोरांनी एकाच वेळी श्वास ओढला. मग "अजून! अजून!"

काकू पोट धरून हसत होत्या. "अवो ताई, कुंकू तरी कशाचं करतात? हळद न् चुना! झालं ना मग?"

झालं होतं. माळेवर ठिकठिकाणी लाल टिकल्या, बोटभर अंतरानं, अगदी पूजेच्या ताटात असतात तशा.

१.१५

साबणानं हात धुणं, नखांसकट, रांगेत. मग डबे. नाताळाचा फराळ घरोघरी सुरू झालाय, त्यामुळे डब्यांत करंज्या, शेव, एकाकडे अनारसे. करंजीच्या देवाणघेवाणीचा दर काय ठरला मला कळलं नाही, पण एका करंजीला तीन बैल मोजल्याचं कानावर आलं.

२.००

बारकी झोपली. मोठी तीन-चार पोरं आणि दहावीतला पोरगा यांच्याबरोबर पऱ्हाटी मडक्यात उभी केली, दगड-माती ठासून. पिशव्या काढल्या, कापूस कोरडा. मग टांगायला सुरुवात. दोरा म्हणून सुतळीची एकेक लड उलगडलेली. बोंडांच्या टरफलांत डिंक लावून सागाचं बी बसवलं, कमळासारखं दिसतं. पोरांनी डब्यातली बोरं आणि दोन आवळेही टांगले.

मंडळीतले एक ज्येष्ठ काका तालीम ऐकायला आले होते, ते चष्मा पुसत जवळ आले. माळेकडे बघितलं, लाल टिकल्यांकडे बघितलं, काही बोलले नाहीत. बोरांपाशी मात्र थांबले. "खायच्या वस्तू कशा काय? ख्रिसमसच्या झाडाला काचेचे गोळे असतात."

मी म्हटलं, काचेचे गोळे फार नंतरचे. जर्मनीत लाउशा नावाच्या गावात काच फुंकणारे कारागीर होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकात ते सुरू केले. आणि १८४८ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचं चित्र एका साप्ताहिकात छापून आलं, तेव्हापासून इंग्रजांच्या घरोघरी झाड गेलं. त्याच्या कितीतरी आधी, १६०५ सालची स्ट्रासबुर्ग शहरातली एक नोंद आहे, तिच्यात झाडाला काय टांगलं होतं? सफरचंदं, पातळ पापड्या, साखर, कागदाचे गुलाब.

"म्हणजे बोरं चालतात," काका म्हणाले.

"ज्याच्या गावात जे पिकतं ते चालतं."

त्यांनी एक बोर तोडून खाल्लं. विषय संपला. मागच्या वर्षीच्या रोलची आठवण त्यांनी काढली नाही, ही त्यांची कृपा. खरं तर त्या इंग्रजांच्या गिरण्यांत कापूस जायचा तो आमच्याकडचाही. शकुंतला रेल्वे इथून मूर्तिजापूरपर्यंत त्याच्यासाठीच टाकली होती, ११३ किलोमीटर. तिथून मुंबई, बोटीनं मँचेस्टर. त्यांनी त्याचा बर्फ केला असेल तर त्यांचं त्यांना माफ. त्यांच्याकडे बर्फ होता, कापूस नव्हता. आमच्याकडे कापूस आहे, त्याला दुसरं काही म्हणवून घ्यायची गरज काय?

३.४०

शेंड्यावर लावायचा मोठा तारा, बारा काड्यांचा, सगळ्यांनी मिळून केलेला, उन्हात सुकायला ओट्यावर ठेवला होता. शेजारच्या शेळीनं खाल्ला.

पूर्ण. मणीसुद्धा. चूक तिची नाही, कडबा तो कडबाच. मी बघितलं तेव्हा तोंडातून एक सालीची पट्टी बाहेर होती, ती तिनं माझ्याकडे बघत बघत आत घेतली. दोन पोरं रडायला लागली. तिसरी म्हणाली, "मेंढपाळाची बकरी असन." रडणं थांबलं.

धांडे संपलेले. दहावीतल्या पोरानं तलवारीच्या ढिगातून गुलमोहराच्या दोन शेंगा उचलल्या, उकलून त्यांच्या अर्ध्या अर्ध्या फाका केल्या, आडव्या-उभ्या ठेवून मध्ये सुतळीची गाठ मारली. चार टोकांचा तारा, काळपट, थोडा वाकडा. शेळीसमोर धरून बघितला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. पास.

५.४५

पोरं आपापल्या घरी. खाजकुयलीवाल्याच्या गालावर फक्त गुलाबी खूण उरलीय. त्याच्या आईनं ती बघून मलाच चहाला बोलावलं. झाड आत नेऊन वेदीच्या डाव्या बाजूला ठेवलं. खाली सात बैल, एक बैलगाडी, एक चष्मा, एक साळिंदर. मी झाडत होते: गाभ्याचा भुसा, हळदीची बोटं फरशीवर, ती निघत नाहीत.

एकच पोरगी उरली होती, ती साळिंदरवाली. तिची माय वेचणीला जाते, अंधार पडताना येते.

आली. कमरेला धोपटाची खूण पडलेली, पदराला कापसाचे तंतू. दारात चपला काढल्या, पोरीला जवळ घेतलं आणि झाडाकडे बघायला लागली. बघता बघता तिचा हात पुढे गेला. पाच बोटं बोंडात, एक हलका झटका, कापूस टरफलाला एक तंतू न सोडता मोकळा. दुसरं बोंड. दुसरा हात ओटी धरायला खाली गेलेला. तिसऱ्या बोंडाला बोटं लागली तेव्हा पोरगी ओरडली,

"माय! झाडावरचं झाडाचं!"

तिनं हात असा मागे घेतला की जणू भाजला. मग तोंडावर पदर धरून हसायला लागली. "दिसभर तेच करून रायली न ताई. हाताले समजलंच नाई."

वेचलेला कापूस टरफलात परत बसत नाही. ठेवला की खाली पडतो. डब्यात तळाला डिंक उरला होता, घट्ट झालेला. पोरीनं त्यात बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं, आणि एकेका पाकळीला लावायला बसली. माय खाली मांडी घालून तिला एकेक पेळू हातात देत होती.